पण बाईला सांगायचं कसं?

आमच्या वर्गात पोरं होती, पोरी होत्या आणि एक वैनी होती.

बी. फार्मसीचं पहिलं वर्ष, पहिला तास. कॉलेज परभणीच्या बाहेर, मोठा रस्ता सोडून काळ्या रानात एकटंच उभं. आम्ही सगळे नवे कपडे घालून ताठ बसलेलो, आणि दारात एक बाई आली. जांभळी साडी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. सगळा वर्ग खाडकन उभा राहिला आणि एका सुरात ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणाला. बाईनं मागं वळून बघितलं, आपल्यामागून कोण येतंय म्हणून. मागं कुणीच नव्हतं. मग ती म्हणाली, “बसा की. मी बी शिकायलाच आले.”

मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच “या वैनी” म्हणालं आणि हशा पिकला. दुसरी एखादी असती तर रडवेली झाली असती. ही पहिल्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि मागं वळून म्हणाली, “वैनी मनलात ना? मग आता भावजी व्हा. लय लांबून आले, त्या माठातलं गिलासभर पाणी आणा.” माठाजवळ मी बसलो होतो, म्हणून पाणी मी आणलं. तेव्हापासून वर्गातली सगळी पोरं तिचे भावजी झाली. तिचं नाव सुमित्रा, पण ते फक्त हजेरीपुरतं.

वैनीचं माहेर झरीचं, सासर ताडकळसचं. बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली आणि लगेच लग्न झालं. नवऱ्याचं, गजाननरावांचं, घराच्या पुढच्या खोलीत औषधांचं दुकान. आता औषधांचं दुकान म्हटलं की फार्मासिस्ट लागतो आणि त्याचं फोटोसकट सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावावं लागतं. कायदा असा की ज्याचं सर्टिफिकेट, त्यानंच दुकानात उभं राहायचं. पण रिवाज असा पडलेला की भिंतीवर फोटो एकाचा आणि काउंटरवर माणूस दुसराच. गजाननरावांच्या भिंतीवर ज्याचा फोटो होता, त्यानं ताडकळस बघितलं होतं की नाही कुणास ठाऊक.

वैनीचे सासरे, अण्णा, शेतकरी माणूस. एक दिवस जेवताना म्हणाले, “परक्याचा कागद भिंतीला लावण्यापरीस घरचा का लावू न्हाई? सूनबाई सायन्सवाली हाय.” गजाननराव कुरकुरले, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, भावकीत कुजबुज झाली. अण्णा कुणाला बधले नाहीत. सुनेला म्हणाले, “तू शिक पोरी. दुकान तुझंच हाय. उद्या तूच उभी ऱ्हा तिथं.” पहिल्या वर्षी अण्णा स्वतः मोटारसायकलवर तिला एसटीपर्यंत सोडायचे आणि बस हलेपर्यंत खाली उभे राहायचे. लहान मुलगी सासूजवळ ठेवून वैनी यायची. ‘उद्या तूच उभी ऱ्हा’ हे अण्णांचं वाक्य तिनं अक्षरशः खरं मानलं होतं.

ती फार हुशार होती असं मी म्हणणार नाही. पहिल्याच परीक्षेत तिचा एक विषय राहिला. इंग्रजीनं ती बेजार व्हायची. औषधांची लांबलचक नावं ती मराठीत लिहून घ्यायची आणि एसटीत ओठ हलवत पाठ करायची. शेजारच्या बायकांना वाटायचं ही कसला तरी जप करतेय, म्हणून त्या तिला खिडकीची जागा द्यायच्या. हे ती आम्हाला हसत हसत सांगायची. पण तिच्याजवळ एक प्रश्न होता जो आमच्यापैकी कुणाजवळच नव्हता.

कुलकर्णी सर औषधशास्त्र शिकवायचे. उंच, किरकिरे, खडू संपेपर्यंत बोलणारे. एकदा त्यांनी अँटिबायोटिक गोळ्यांचा कोर्स पुरा का करायचा, हे तासभर समजावलं. फळा भरला. “काही शंका?” असं त्यांनी विचारलं, ते कुणी काही विचारू नये अशाच सुरात. वैनी उभी राहिली.

“सर, कळलं. पण बाईला सांगायचं कसं?”

“कोणत्या बाईला?”

“दुकानात येती त्या. तिला दोन दिवसांत बरं वाटतं. मग उरलेल्या गोळ्या ती कशाला खाती? डब्यात ठिवती. जावेच्या पोराला ताप आला की त्याला देती.”

वर्ग खिदळला. सर चिडले. “पेपरात बाई येणार नाही.”

“पण दुकानात तर तीच यायलीय ना सर,” वैनी म्हणाली. उद्धटपणे नाही, खरंच अडलं होतं तिचं.

सरांनी चष्मा काढून पुसला आणि तास संपला. पण माणूस प्रामाणिक होता. पुढच्या आठवड्यात नवा धडा संपवून ते फळ्याला टेकले आणि म्हणाले, “हं. सुमित्राबाई, आता सांगा बाईला.” मग तो नेमच झाला. सर शिकवायचे, आणि शेवटी वैनी उठून तेच सगळं एका न दिसणाऱ्या बाईला सांगायची. आम्ही तिची टिंगल करायचो, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी आठवायचं ते वैनीचंच.

दुसरी गोष्ट तिच्या बांगड्यांची. प्रयोगशाळेत खलात औषध घोटायचं असलं की तिच्या दोन्ही हातांतल्या हिरव्या काचेच्या बांगड्यांचा असा किणकिणाट चालायचा की सर वैतागले. “बांगड्या काढून या. काच खलात पडली तर?” वैनी म्हणाली, “सर, मोकळ्या हातानं घरी गेले तर सासूबाई कॉलेजच बंद करतील.” दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याचे दोन मोठे चौकड्यांचे रुमाल घेऊन आली. बांगड्या कोपराकडं सरकवल्या, त्यांच्यावर रुमाल गुंडाळले आणि दातात टोक धरून गाठ मारली. किणकिण बंद. सर बघत राहिले, मग म्हणाले, “चालेल.” त्या दिवसापासून रुमाल बांधला की वैनी कामाला लागली, असं आम्ही समजायचो. पुढं पुढं तर ती लेखी परीक्षेलाही रुमाल बांधून बसायची. सवय, दुसरं काय.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक परीक्षक आले होते. त्यांनी प्रत्येकाला एक औषध देऊन रोग्याला समजावून सांगायला लावलं. वैनीच्या वाट्याला लोहाच्या गोळ्या आल्या आणि रोगी म्हणून मला उभं केलं गेलं. “रोगी गरोदर स्त्री आहे,” परीक्षक म्हणाले. पोरं तोंडं दाबून हसायला लागली. वैनीला हसू आलं नाही. तिनं स्टूल ओढलं, मला बसवलं, माझ्याहून खाली बसली आणि म्हणाली, “हे बघ माय, ही गोळी चहासंगं घ्यायची न्हाई. चहा तिला अंगी लागू देत न्हाई. लिंबू पिळून पाणी घे. आन् संडास काळी होईल. भ्यायचं न्हाई, रक्त न्हाई ते. भिऊन गोळी सोडलीस तर दोघांचं नुकसान.” तिचा हात माझ्या मनगटावर होता. मी एकोणीस वर्षांचा दाढीवाला पोरगा, पण खरं सांगतो, मला त्या क्षणी वाटलं की मी ही गोळी सोडणार नाही. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं होतं.

आम्ही बाकीचे फार्मसी का शिकत होतो? कुणाला इंजिनिअरिंग मिळालं नव्हतं, कुणाला मेडिकल. मला वडील म्हणाले म्हणून. काय करायचंय हे आमच्या वर्गात एकट्या वैनीला माहीत होतं.

शेवटच्या वर्षी आम्हाला दवाखान्यात पाठवायचे, वॉर्डात फिरून रोग्यांशी बोलायला. तिथं एक म्हातारी दम्यानं धापा टाकत बसलेली. वैनीला बघून तिचा चेहरा फुलला, कारण ती ताडकळसचीच निघाली, वैनीच्या गल्लीतली.

“आजी, औषध चालू न्हाई का?” वैनीनं विचारलं.

“हाय की. हे काय, रोज दोन गिळते. ढिम्म फरक न्हाई.” म्हातारीनं कमरेच्या पिशवीतून कॅप्सूल काढल्या.

वैनीनं त्या हातात घेतल्या. त्या गिळायच्या कॅप्सूल नव्हत्या. लहानशा यंत्रात घालून, फिरवून, आतली पूड श्वासाबरोबर छातीत ओढायची असते. पोटात गेली की तिचा काही उपयोग नाही.

“गिळता?”

“मग काय करू, चाटू?”

“यंत्र दिलं न्हाई संगं?”

“ते डबडं व्हय? नातू खेळतो त्याच्याशी.”

आम्हाला हसू फुटलं. वैनीनं विचारलं, “कुणाच्या दुकानातून घेतलं, आजी?”

“तुझ्याच की गं. गजाननानं दिलं.”

आमचं हसू तिथंच थांबलं. वैनीनं रुमाल बांधला, सिस्टरकडून यंत्र मागून आणलं आणि म्हातारीच्या खाटेवर बसून तिला कॅप्सूल घालायला, फिरवायला, ओढायला शिकवलं. म्हातारी चुकत होती, खोकत होती, आणि ही परत पहिल्यापासून सांगत होती. आमची बस कॉलेजला निघून गेली तरी ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती मला म्हणाली, “आजीची चूक न्हाई भावजी. ह्यांची बी न्हाई, ह्यांना कुणी शिकवलंय? तिथं सांगणारं माणूसच उभं न्हाई. मी उभी ऱ्हाणार.” ती रागावली नव्हती. डबा उघडून तिनं आम्हाला नेहमीसारखी भाकरी वाटून दिली.

आम्ही पास झालो. वैनीही झाली. तिचं सर्टिफिकेट आलं तेव्हा अण्णांनी आम्हाला जेवायला बोलावलं. फ्रेमला हार, पेढे, आणि काउंटरच्या मागं एक नवी लाल खुर्ची. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून आत आणत होते, “या, आमच्या सूनबाईचा फोटो बघा.” फोटोतल्या वैनीच्या डोक्यावर पदर होता आणि डोळे फोटोग्राफरला घाबरलेले. खरी वैनी त्याच्याखाली खुर्चीवर बसली होती. तिनं पहिलं गिऱ्हाईक आल्यावर पिशवीतून रुमाल काढले आणि दातात टोक धरून गाठ मारली. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिला इतकं आनंदात मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

पुढचं मला तिच्याच तोंडून फोनवर कळलं. ती काउंटरवर उभी राहिली आणि विचारायला लागली. डॉक्टरांची चिठ्ठी हाय का? आधी काय घेतलंय? दिवस गेलेत का? दारू पिता का? चिठ्ठी नसलेल्याला ती दवाखान्यात जा म्हणायची. बाजारच्या दिवशी माणसं घाईत असायची, बस सुटायची असायची, आणि ही एकेकाला थांबवून गोळ्या कशा घ्यायच्या ते परत म्हणून दाखवायला लावायची. “ती वैनी लय इचारती” असं लोक म्हणायला लागले. गडीमाणसं तिला बघून दारातूनच मागं फिरायची. बाजाराच्या टोकाला दुसरं दुकान होतं, तिथं कुणी काही विचारत नसे. गिऱ्हाईक तिकडं वळलं. एका बाजारी गजाननरावांनी भरल्या दुकानात म्हटलं, “तू आत जा, मी बघतो.”

“भांडला का नाहीत वैनी? अण्णांनी शब्द दिला होता,” मी म्हणालो.

ती म्हणाली, “ह्यांच्याशी भांडले असते. पण अण्णांनी हात जोडले, भावजी. मनले, पोरी, दुकान चालू दे. सासऱ्यानं हात जोडल्यावर मी काय बोलू?”

कुलकर्णी सरांनी तिच्यासाठी परभणीच्या एका दवाखान्यात नोकरीचं विचारलं होतं. पण तिचं सर्टिफिकेट घरच्या दुकानाला लागलेलं. एक सर्टिफिकेट एकाच ठिकाणी चालतं. ते काढून घ्यावं तर दुकान बंद. तेव्हा कागद भिंतीवर राहिला आणि वैनी आत गेली.

मी पुढं औषध कंपनीत लागलो. बॅग घेऊन डॉक्टरांकडं आणि दुकानांत फिरायचं काम. ताडकळस माझ्याच भागात आलं. पहिल्यांदा त्या दुकानात गेलो तेव्हा काउंटरवर गजाननराव होते. त्यांच्यामागं फुलाफुलांचा पडदा आणि पडद्यामागं स्वयंपाकघर. एक बाई तापलेलं लेकरू घेऊन आली. गजाननरावांनी पाणी घालून करायच्या कोरड्या पुडीच्या औषधाची बाटली दिली. तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, “पाणी उकळून गार करून घाल गं. बाटलीवरच्या रेघेपर्यंतच. आन् पाजताना दरवेळी हलव.” बाई पडद्याकडं बघून म्हणाली, “बरं वैनी.” मग पडदा जरासा हलला आणि एक हात चहाचा कप घेऊन बाहेर आला. मनगटाच्या वर चौकड्यांचा रुमाल बांधलेला होता.

“मागं आमची दुसरी शाखा हाय,” गजाननराव हसून म्हणाले. खरंच होती. बायका पुढून औषध घ्यायच्या आणि बोळातून वळून घराच्या मागच्या दारी जायच्या. तिथं वैनी चुलीपुढं बसल्या बसल्या एकेक पाकीट हातात घेऊन समजावून द्यायची. गजाननरावांना ते माहीत होतं आणि चालत होतं. माणूस वाईट नव्हता. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. पुढून नाही तर मागून, पण वैनी उभी आहे, असं मी वर्गातल्या सगळ्यांना फोन करून सांगितलं.

मध्यंतरी माझा भाग बदलला, बरीच वर्षं गेली. गेल्या वर्षी परत ताडकळसला गेलो तर दुकान जागेवर नव्हतं. बसथांब्याजवळ नव्या गाळ्यात गेलं होतं. काचेचं दार, मोठा फ्रीज, पांढरे दिवे. भिंतीवर नव्या फ्रेममध्ये वैनीचा तोच जुना फोटो. मी बोलत होतो तेवढ्यात एक म्हातारा आला. गजाननरावांनी त्याला दम्याच्या कॅप्सूल आणि यंत्र पिशवीत घालून दिलं. म्हातारा ते घेऊन क्षणभर गजाननरावांच्या मागं बघत राहिला. तिथं पडदा नव्हता. गोळ्यांनी भरलेली मांडणी होती. तो जायला निघाला, तेव्हा मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, “बाबा, ह्या गिळायच्या न्हाईत बरं का,” आणि करून दाखवलं.

“वैनीवाणी बोलायलाव की तुमी,” गजाननराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला. “घरीच हाय ती. अण्णा गेल्यापासून जास्तच गप ऱ्हाती. जा, चहा घेऊन जा.”

मी घरी गेलो. पुढच्या खोलीत आता पोती रचलेली होती. फुलाफुलांचा पडदा काढून कुठंतरी टाकला असावा, खिळे तेवढे राहिले होते. वैनी मागच्या अंगणात तूर निवडत बसली होती. केस पांढरे व्हायला लागलेले. मला बघून हसली, “या भावजी, पाणी मी आणते आता,” म्हणाली आणि उठली. चहा करताना तिनं एकेकाची चौकशी केली. कोण कुठं आहे ते मी सांगत गेलो. एक बँकेत, दोघं पुण्याला कारखान्यात, एकीचं लग्न झालं, एकाचं सर्टिफिकेट कुठल्या तरी दुकानात लावलेलं आणि तो शेतीवर. कुलकर्णी सर निवृत्त झाले.

“म्हंजी काउंटरवर कुणीच न्हाई,” ती म्हणाली.

मी नाही म्हटलं. ती चहा गाळत राहिली.

“मागच्या दारी येतात का अजून बायका?”

“दुकान तिकडं, मी इकडं. बस सोडून एवढ्या लांब कोण येतंय?”

मला वाईट वाटत होतं आणि ते लपवायला मी उगीच बॅग आवरायला लागलो. तिचं लक्ष आत गेलं. डॉक्टरांना दाखवायला आम्ही एक रिकामं यंत्र बाळगतो, दम्याचं. ती म्हणाली, “बघू.” मी दिलं. वैनीनं हात पदराला पुसले, यंत्र उघडलं, नसलेली कॅप्सूल आत घातली, फिरवलं, टक्कन आवाज आला. मान जराशी वर केली, श्वास सोडला, यंत्र ओठांत धरून पूर्ण ओढला आणि छातीत धरून ठेवला. काही चुकलं नव्हतं. ओठ हलले तिचे, कुणाला तरी सांगत असल्यासारखे, पण आवाज काढला नाही तिनं.

“ठेवा वैनी तुमच्याजवळ,” मी म्हणालो. “माझ्याजवळ आणखी आहे.”

तिनं यंत्र मिटवलं, पुन्हा एकदा पदरानं पुसलं आणि माझ्या हातात परत दिलं.

“न्या भावजी. हितं कुणाला दाखवू?”

देताना तिच्या बांगड्या वाजल्या. हातावर रुमाल नव्हता.